होडक्यात कलालबांगडी

मुरुडमध्ये सध्या दोन प्रकारचे इंजिनिअर आढळतात. एकांनी वर्कस्टेशन घेतलंय आणि ते रडतंय. दुसऱ्यांना घ्यायचंय, आणि ते सल्ला मागायला पहिल्यांकडेच जातात.

याचं मूळ खाडीपलीकडे आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं बारा नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघीचं नाव आलं. आगरदांड्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की दिघी समोरच. झालं! तेव्हापासून अलीकडच्या काठावरच्या प्रत्येक डिप्लोमाधारकाची खात्री पटलीय, की कंपनी खाडी ओलांडून येणार आणि उंबऱ्यातच विचारणार, "कार्ड कुठलं आहे तुमच्याकडे?" कंपन्या यायच्यात अजून. कार्डं मात्र येऊन पोचली.

आता इथं प्रत्यक्षात काम काय असतं? वाडीत चार खोल्यांचा होमस्टे. काशीदकडे पूल असलेला बंगला. (पोहण्याचा पूल. खाडीवरच्या पुलाचं काम आपल्याला कोण देतंय!) जुन्या घरावर एक मजला. यूडीसीपीआर म्हणजे डिसेंबर २०२० पासूनची राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, तिच्यात बसवून मंजुरीला द्यायचे नकाशे. आणि गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर थ्रीडी व्ह्यू, ज्यात घरासमोर हमखास एक परदेशी गाडी उभी असते आणि सुपारीच्या जागी खजूर डोलत असतो. एवढ्या कामाला जी यंत्रं मागवली जातात, त्यांच्यावर उपग्रह सोडता येईल. नकाशा कितीही झपाट्यानं काढला तरी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकाम परवानगीची, फाईल तिच्याच चालीनं चालते. तिला ग्राफिक कार्ड बसत नाही.

परवा एक कोटेशन हाती आलं. मुलगा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून बाहेर पडलेला, हुशार. वडील वाडीवाले. त्यांनी सुपारीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले. कागद माझ्यासमोर सरकवत म्हणाले, "जरा बघा. पोरगा म्हणतो यात कमी काही नाही." पोरगा खरंच बोलत होता. जे होतं ते सगळं जास्तच होतं.

पहिली ओळ: इंटेल कोअर आय९, १४९००के. दुसरी: आरटीएक्स ४०७० टीआय. इथवर वाचून कुणाचीही छाती फुगेल. तिसरी: एच६१० मदरबोर्ड, म्हणजे त्या पिढीतला सगळ्यांत स्वस्त वर्ग. चौथी: सोळा जीबी रॅम, एकच पट्टी. पाचवी: कॅबिनेट, समोर रंगीत दिवे, तीन पंखे. आणि सहावी, बारीक अक्षरात: एसएमपीएस ४५० वॅट, कॅबिनेटसोबत फ्री.

फ्री!

त्या एका शब्दावर मी बोट ठेवलं. "हा एसएमपीएस कुठल्या कंपनीचा?"

"काका, तो कॅबिनेटमध्येच येतो."

"ते कळलं. कंपनी कुठली?"

"त्यावर फोर फिफ्टी लिहिलेलं असतं."

लिहिलेलं असतं खरं. लिहायला काय लागतं? सगळ्या यंत्राला वीज यातूनच मिळायची. आता हिशेब मांडा. हा प्रोसेसर पूर्ण जोरात आला की इंटेलच्याच कागदाप्रमाणे २५३ वॅटपर्यंत ओढतो. कार्डाचे २८५. दोघांचेच झाले ५३८. बोर्ड, रॅम, डिस्क आणि ते तीन नाचरे पंखे वेगळे. आणि समोर फुकटातले ४५०, तेही खरे असतील तर. यंत्र सुरू होईल, विंडोज येईल, व्हॉट्सॲप उघडेल, आजूबाजूचे बघून जातील. मग एक दिवस रेंडर लावाल आणि पडदा काळा. दुकानदार म्हणणार व्हायरस आहे.

जंजिऱ्यावर गेलात की गाइड तुम्हाला पहिल्यांदा कलालबांगडीपाशी नेतो. बावीस टन वजन सांगतो, पल्ला सांगतो, तुम्ही तोफेला टेकून फोटो काढता. पण ती तोफ तशी टिकली, कारण तिच्याखाली किल्ल्याचा बुरूज आहे. तीच उचलून राजपुरीच्या होडक्यात ठेवली, तर बार उडायची वेळच येणार नाही. या कोटेशनात तोफ होती, गोळा होता, फोटोला जागा होती. बुरुजाच्या रकान्यात 'फ्री' लिहिलं होतं.

त्यात एच६१० चा बोर्ड. आय९ त्यावर बसतो का? बसतो. खाच तीच आहे. पण प्रोसेसरला वीज तोडून देणारी त्या स्वस्त बोर्डावरची मंडळी तापते, आणि प्रोसेसर मुकाट्यानं वेग खाली आणतो. म्हणजे पैसे आय९ चे आणि चाल आय५ ची. बसणं आणि चालणं यांतला फरक कोकणातल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको. एसटीत बसल्यानं ती सुटते असं थोडंच आहे?

आता मूळ प्रश्न, जो कोटेशनमध्ये कुणीच विचारत नाही: कुठलं सॉफ्टवेअर?

ऑटोकॅडचं बहुतेक काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. रीजनरेशन, रेंडरिंग अशा मोजक्या कामांना बाकीचे कोअर हात लावतात, एरवी ते हजेरीपुरते. त्यामुळे प्लॅन काढणाऱ्याला चोवीस कोअर नकोत, एक चलाख कोअर हवा. चार गिगाहर्ट्झच्या वर जाणारा आताच्या पिढीतला साधा आय५ किंवा रायझन ५ हे काम आरामात करतो. स्टॅड किंवा ईटॅब्समध्ये तळमजला अधिक एक अशा घराचा सांगाडा कुठल्याही यंत्रावर चहा यायच्या आत सुटतो. मॉडेल मोठं झालं की रॅम लागते, आणि ती दोन पट्ट्यांत घ्यावी. एक सोळाची घेतली की मेमरीचा एकच रस्ता उघडतो, दोन आठांच्या घेतल्या की दोन. पैसे जवळपास तेवढेच. पण कोटेशनवर 'सिक्स्टीन जीबी' दोन्हीकडे सारखंच दिसतं, मग कोण विचारतो.

ल्युमिअन, एन्स्केप, डी५ ही रेंडर करणारी मंडळी मात्र वेगळी. तिथं कार्डच राबतं आणि कार्डाची स्वतःची मेमरी हाच खरा मामला. इथं नंबर बघून खरेदी करणाऱ्यांची जिरते. आरटीएक्स ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी, सेकंदाला ३६० जीबीची वाहतूक. त्यानंतर आलेल्या ४०६० मध्ये ८ जीबी आणि वाहतूक २७२. चिप नवी, खेळात चपळ, वीजही कमी खाणारी, सगळं मान्य. पण झाडं, दगड, पाणी आणि ती परदेशी गाडी अशा सगळ्या वस्तूंनी भरलेला देखावा आठमध्ये मावला नाही, तर नवा नंबर काय चाटायचाय? कार्डाच्या नावात कंपनी आपल्याला जे सांगायचं ते सांगते. आपल्याला जे विचारायचं ते खोक्याच्या मागच्या बाजूला असतं.

सिम्युलेशनवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. "काका, ॲन्सिस करायचंय, म्हणून फोर्टी नाइन्टी घेतो." घे बाबा. पण अनेक स्ट्रक्चरल सॉल्व्हरना दुहेरी अचूकतेची आकडेमोड लागते, आणि खेळाच्या कार्डांत ती मुद्दाम आखडून ठेवलेली असते. ४०९० मध्ये साध्या आकडेमोडीच्या चौसष्टावा भाग. साधी ८२ टेराफ्लॉप्सच्या वर, दुहेरी सव्वाच्या आसपास. डेटा सेंटरचं ए१०० कार्ड साध्या गणितात ४०९० च्या पासंगालाही पुरत नाही, पण दुहेरीत ९.७ वर जातं. शिवाय ॲन्सिसच्या अनेक लायसन्सांत मुळात चारच कोअर वापरायची मुभा असते, वरच्या कोअरचे पैसे वेगळे.

लायसन्स हा शब्द काढला की मुरुडच काय, अलिबागपर्यंत शांतता पसरते. सर्टिफाइड कार्ड हवं असतं सगळ्यांना. सॉलिडवर्क्सवाल्यांना व्यावसायिक कार्ड घ्यावं लागतं, हे खरं आहे. त्यांची तपासलेल्या कार्डांची आणि ड्रायव्हरांची यादीच असते, आणि यादीबाहेरच्या कार्डावर काही बिनसलं तर कंपनी हात वर करते. पण ज्याचं सॉफ्टवेअरच पेनड्राइव्हवरून, मित्राच्या मित्राकडून आलंय, त्यानं सर्टिफाइड कार्डासाठी जास्तीचे पैसे मोजावेत? कंपनीला फोन कुठल्या तोंडानं करणार?

आणखी एक समजूत बाजारात फार बळकट आहे. इंटेलच्या प्रोसेसरला एनव्हिडियाचं कार्ड, एएमडीच्या प्रोसेसरला एएमडीचंच, नाहीतर 'कम्पॅटिबल' होत नाही. हे सांगणारा माणूस बहुधा शिल्लक माल खपवत असतो. २०२० साली एनव्हिडियानं डीजीएक्स ए१०० हे यंत्र काढलं. त्यात आठ कार्डं स्वतःची आणि दोन प्रोसेसर एएमडीचे, म्हणजे ग्राफिक कार्डांच्या धंद्यातल्या थेट वैऱ्याचे. त्याआधीच्या डीजीएक्समध्ये इंटेलचे झिऑन होते. मग बदल का? पीसीआय एक्स्प्रेसची चौथी आवृत्ती आणि १२८ लेन तेव्हा एएमडीच्या एपिककडे होत्या, झिऑनकडे नव्हत्या. कार्डांना माल पोचवायला रुंद रस्ता लागतो, तो जिथं मिळाला तिथं एनव्हिडिया गेली. वैर बाजूला ठेवलं, कारण ते विकून पैसे मिळत नाहीत. आणि हे कुठं अमेरिकेत बघायला जायला नको. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं याच यंत्रांचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक उभारला, जो नोव्हेंबर २०२० च्या जागतिक पाचशेच्या यादीत ६३ वा आला. इंटेल की एएमडी यावरून नाक्यावर भांडणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवायला हरकत नाही.

सी-डॅकचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नाटकं केली, १९८८ मध्ये सी-डॅक निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो एकाच राक्षसी प्रोसेसरवर उभा नव्हता. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर त्यात होते. त्या चिपची खुबी अशी, की तिच्यावर शेजारच्या चिपशी बोलायला चार जोडण्या मुळातच दिलेल्या. म्हणजे निवड करताना 'सर्वांत मोठा कोण' असं विचारलं नाही, 'एकमेकांशी कोण नीट बोलतो' असं विचारलं. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या माणसाला बाजारात मिळणाऱ्या चिपांतून हे जमवता आलं. आपल्याला लॅमिंग्टन रोडवरून सहा सुटे भाग एकमेकांशी जुळणारे आणता येत नाहीत.

लॅमिंग्टन रोड. मुरुड आगारातून मुंबईची एसटी धरायची, मुंबई सेंट्रलला उतरायचं, की चालत हा बाजार. तिथं मुरुडहून आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो, कारण त्याला संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं असतं. घाई बघून दुकानदार प्रेमानं खुर्ची देतो. मग 'वर्कस्टेशन क्लास' म्हणून एक जुनं, काळंभोर, वजनदार धूड समोर येतं. आत दोन झिऑन, ई५-२६७०. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड! टास्क मॅनेजर उघडून बत्तीस चौकटी दाखवल्या जातात आणि बापाचे डोळे भरून येतात. २०१२ चा माल आहे हो तो. एकेका कोअरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ. ऑटोकॅड उघडलंत की एका चौकटीत हालचाल, एकतीस चौकटींत दुपार. दोन प्रोसेसर मिळून २३० वॅट खाणार, बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या घाटाचे, म्हणजे एक बिघडला की बाजारातला दुसरा बसत नाही. विंडोज ११ च्या पात्र यादीत हा प्रोसेसर नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वजन मात्र चांगलं आहे. दरवाजाला लावायला उपयोगी पडेल.

सेकंडहॅन्ड कार्डांचंही असंच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली, कार्डांवर नाणी खोदायचा तो धंदा एका रात्रीत बसला आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. पुसूनपासून, पंखे बदलून. घ्या, घेऊ नका असं नाही. पण बिनबिलाचं घेताना 'एका आर्किटेक्ट बाईंनी फक्त रविवारी वापरलंय' ही कथा तरी विकत घेऊ नका.

खाच जुळते म्हणजे जमलं, हाही एक भ्रम. इंटेलनं २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले तेव्हा खाचेचं नाव तेच ठेवलं, एलजीए ११५१. पिना तेवढ्याच. बसायचे ठक्क. आणि आधीच्या बोर्डांवर चालायचे नाहीत. एएमडीनं एएम४ ची खाच वर्षानुवर्षं चालवली, पण नव्या प्रोसेसरला जुना बोर्ड ओळखत नाही, आधी बायोस अपडेट करावा लागतो. एएम५ वर गेलात की फक्त डीडीआर५ रॅम, जुन्या पट्ट्या कपाटात. इंटेलच्या एलजीए १७०० वर डीडीआर४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे, खोक्यावर बघून घ्यायचे. आणि हा आपला आय९ ज्या पिढीचा, त्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला. इंटेलनं २०२४ मध्ये तो मान्य केला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली आणि बायोसमधून दुरुस्ती दिली. म्हणजे आणल्या आणल्या बायोस अपडेट करणं आलंच.

बायोस अपडेट. मुरुडमध्ये. जूनमध्ये.

अपडेट साठ टक्क्यांवर असताना लाईट गेली, की बोर्ड जागच्या जागी मुका. काही बोर्डांवर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यानं पेनड्राइव्ह लावून तो पुन्हा बोलता करता येतो. एच६१० च्या स्वस्त बोर्डावर असल्या सोयी शोधूनही सापडत नाहीत. म्हणून ही उठाठेव दुकानातच, त्याच्या टेबलावर, त्याच्या विजेवर करून घ्यावी. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू दे.

विजेचा विषय आला तर मुरुडकराला भाषण द्यायची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वाड्या झोपल्या, खांब झोपले, आणि त्यानंतर कित्येक गावांनी किती रात्री अंधारात काढल्या ते ज्याचं त्याला ठाऊक. पण एवढ्या लांब कशाला, रोजचीच लाईट घ्या. कोटेशनात यूपीएस असतो ६०० व्हीएचा. सहाशे म्हणजे सहाशे वॅट असं घरोघरी समजतात. बहुतेक वेळा ते असतात ३६०. वर मांडलेलं ५३८ वॅटचं धूड त्यावर लावलं, की लाईट गेल्या क्षणीच यूपीएस किंचाळून डोळे मिटतो. तो नसता तरी हेच झालं असतं, फक्त शांतपणे. आणखी एक गोम: चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं, आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर त्यातल्या काहींना मानवत नाही. म्हणजे एसएमपीएस सुधारलात की यूपीएसही सुधारावा लागतो. चोख साइन वेव्हवाला घ्यावा लागतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावा, अनवाणी. झिणझिण्या आल्या? येतातच. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून जमिनीत जाणारी बारीक गळती वाट न मिळाल्यानं डब्यावरच थांबते, आणि डब्यावर निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्ट उभा राहतो. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही. पण कार्डाची मॉनिटरची वायर काढता-घालता ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा नीट करायचा तर कष्ट आहेत, तो पावसाळ्यानंतर वर्षभर ओला ठेवायचा तर आणखी कष्ट. त्यापेक्षा तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापणं सोपं. आपण ती कापतो. लाखाच्या यंत्राची.

आता खारा वारा. समुद्रापासून दोन आळ्या आत असलेल्या कुठल्याही घरातला कॅबिनेट उघडा. कार्डाचं लोखंडी ब्रॅकेट तांबडं, स्क्रूच्या डोक्यांवर हिरवट पूड, पंख्याच्या पात्यांवर बोटाला चिकटणारी करडी साय. ती नुसती धूळ नव्हे, तिच्यात मीठ आहे. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपण होऊन पाणी ओढतं आणि विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच मुक्कामाला असते. म्हणजे जून ते सप्टेंबर मदरबोर्डवर मिठाच्या पाण्याचा पातळ हात फिरलेला असतो, आणि त्याच्याखाली केसाएवढ्या तारा. मग 'डिस्प्ले येत नाही'. मग रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासायची, फुंकर मारायची, परत बसवायची. चालतं. दर वेळी सोन्याचा तो पातळ थर थोडा थोडा जातो हे कुणी सांगत नाही, कारण चाललेलं असतं ना. फुंकरीत पुन्हा ओल असते ती वेगळीच. आणि एसएमपीएसच्या ऊबेला आलेली पाल हा तर वेगळ्या सदराचा विषय.

यावर उपाय फार थोर नाहीत. यंत्र भिंतीला चिकटवू नका, खिडकीत ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका. पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर असलेला कॅबिनेट घ्या, काचेचा बंद डबा नको. पावसाळ्यात रोज तासभर तरी सुरू ठेवा, काम नसेल तरी. स्वतःच्या उष्णतेनं ते कोरडं राहतं. प्लास्टिकचं कव्हर घालून झाकून ठेवाल तर आतली ओल आतच मुरेल. आणि मुळात कमी वीज खाणारं, कमी तापणारं यंत्र घेतलं तर पंखे कमी फिरतात आणि खारा वारा कमी ओढला जातो. इथं मोठं कार्ड न घेण्याला किनाऱ्याचं म्हणून एक खास कारण आहे, ते पुण्यातल्या व्हिडिओवाल्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

एक 'एफ'ची गोष्ट राहिलीच. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरापुढे एफ असेल तर त्यात अंगचं ग्राफिक नसतं. थोडे पैसे वाचतात, दुकानदार आवर्जून तोच देतो. "कार्ड आहेच की!" मुंबईत राहणाऱ्यानं घ्यावा. मुरुडमधल्या माणसाचं कार्ड बिघडलं की ते वॉरंटीत मुंबईला जाणार, तिथून आणखी कुठं जाणार, आठवडे जाणार. एफ नसलेला प्रोसेसर असेल तर तेवढे दिवस मॉनिटरची वायर बोर्डाला लावून निदान प्लॅन तरी काढता येतात. एफ असेल तर लाखाचा डबा समोर आणि पडदा काळा. वाचवलेल्या पैशांत तेवढे दिवस वडापाव खावा.

त्या पोराला शेवटी काय लिहून दिलं? एफ नसलेला आय५, कार्डाशिवायही पडदा दाखवणारा. त्याला शोभेल असा बी७६० चा बोर्ड. बत्तीस जीबी रॅम, सोळाच्या दोन पट्ट्या. १२ जीबी मेमरीचं ३०६०, बिलासकट मिळालं तर. १७० वॅटचं आहे, पेलवतं. न मिळालं तर सध्या कार्डच नको, पहिला थ्रीडीचा पैसे देणारा गिऱ्हाईक आला की बघू. नामांकित कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस, वेगळं बिल, वेगळी वॉरंटी. साइन वेव्हवाला १००० व्हीएचा यूपीएस. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग. एकूण रक्कम त्याच्या कागदाहून बरीच खाली आली.

पोराचं तोंड उतरलं. "काका, आय९ नाही म्हटल्यावर मित्रांना काय सांगू?"

वडिलांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "अर्थिंगला किती घेईल?" वर्कस्टेशनबद्दल या गावात मी ऐकलेला हा एकमेव शहाणा प्रश्न.

तर वाचकहो, दर आठवड्याला कोटेशनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता, जरूर पाठवा. पण कार्डाचं नाव शेवटी लिहा. त्याआधी सॉफ्टवेअर कुठलं, तुमची आजवरची सर्वांत मोठी फाईल किती एमबीची, आणि एसएमपीएसच्या ओळीत 'फ्री' लिहिलंय का, एवढं कळवा. तिथं 'फ्री' असेल तर मला पाठवू नका, थेट दुकानदाराला परत द्या.